लेकराचे मोडलेले हाड
यवतमाळच्या जिनिंगमध्ये राबणाऱ्याच्या लेकराचे मांडीचे हाड मोडले, की बाप आधी बुडणारी मजुरी मोजतो आणि हाडवैद्याकडून बांबूच्या कामट्या आवळून घेतो. आम्ही म्हणतो, थांबा! आवळलेल्या पट्टीने रक्त अडते. बोटे थंड वा निळी पडली, कळा वाढल्या, तर तासांचा हिशेब असतो. उशीर झाल्यास पायही जातो. ५ वर्षांखालील बहुतेक मुलांना कमरेपासूनचे प्लास्टर पुरते. मोठ्यांना बहुधा लवचीक सळया घालतात. सांधलेले हाड कधी सेंटिमीटरभर जास्त वाढते. म्हणून पुढेही तपासणी हवी. १९८९ साली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ते जनतेच्या पैशाने. तेथे जाणे हा आपला हक्क आहे, भीक नव्हे!