सातव्या काडतुसाची साक्ष



रायफलीविषयी बोलताना आपण बहुधा तिच्या नेमाविषयी आणि पल्ल्याविषयी बोलतो. काडतूस नळीत जाते कसे, हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. जुन्या रायफलीत तो फारसा उद्भवतही नसे. १९६२ च्या युद्धात आपल्या बहुसंख्य जवानांच्या हाती .३०३ ली-एन्फील्ड रायफल होती. तिचा बोल्ट दर गोळीनंतर हाताने मागे ओढावा लागे आणि हातानेच पुढे ढकलावा लागे. काडतूस वाकडे शिरू लागले की ते आधी तळहाताला कळे. हात क्षणभर थांबे, बोल्ट जरा मागे घेई, आणि काम पुरे करी.

पुढे ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेली ७.६२ मिलिमीटरची अर्धस्वयंचलित रायफल आपल्या सैन्यात आली. जवान तिला एस.एल.आर. म्हणत. तिच्या मॅगझिनमध्ये २० काडतुसे मावत. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते, आणि दुसरीची तयारी रायफल स्वतःच करते. हाताचे श्रम वाचले हे खरे. पण त्या श्रमांबरोबर हाताला मिळणारी सूचनाही गेली. आता रायफल अडली, तर तिला प्रश्न विचारून कारण काढून घ्यावे लागते. ते प्रश्न कसे विचारावेत, याविषयी मी आज बोलणार आहे.

प्रथम रायफलीचे काम थोडक्यात पाहू. गोळी नळीतून पुढे जात असताना जळालेल्या दारूच्या वायूचा थोडासा अंश नळीच्या एका छिद्रातून वळतो आणि पिस्टनला ढकलतो. पिस्टनमुळे बोल्ट मागे जातो. जाताना त्याच्यावरची आकडी रिकामी पुंगळी चेंबरमधून ओढते, आणि ती बाहेर फेकली जाते. मग दाबली गेलेली स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे आणते. मॅगझिनच्या तोंडाशी वर आलेले काडतूस वाटेत त्याच्यापुढे येते. त्याला ढकलीत तो चेंबरमध्ये नेऊन बसवितो. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत होते. यातली कोणतीही एक पायरी चुकली, तरी शिपाई एकच वाक्य बोलतो : "रायफल अडली." पण प्रत्येक चूक आपली खूण मागे ठेवून जाते, आणि ती खूण पुसण्यापूर्वी पाहणे, हे पहिले कर्तव्य होय.

सरावाच्या मैदानावर रायफल अडली, तर नळीचे तोंड निर्धोक दिशेलाच ठेवावे, बोट चापापासून दूर घ्यावे, आणि बाजूच्या खिडकीतून आत काय दिसते ते नीट पाहावे. त्यानंतर मॅगझिन काढावे, बोल्ट मागे घ्यावा आणि चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करावी. पुढचा विचार त्यानंतर.

समजा, चेंबर रिकामे होते आणि मॅगझिनमध्ये काडतुसे शिल्लक होती. याचे दोन अर्थ संभवतात. एक तर बोल्ट काडतुसाच्या मागपर्यंत पोहोचलाच नाही. म्हणजे वायूचा जोर अपुरा पडला किंवा काजळीने वाट अडविली. नाही तर बोल्ट पोहोचला, पण काडतूसच वेळेवर वर आले नाही. म्हणजे मॅगझिनची स्प्रिंग थकली आहे किंवा मॅगझिन नीट बसलेले नाही. या दोहोंतले खरे कारण ओळखण्याचा उपाय सोपा आहे. मॅगझिन बदलून पाहावे. दोष मॅगझिनबरोबर गेला, तर रायफल निर्दोष. दोष राहिला, तर वायूकडे वळावे. एस.एल.आर.मध्ये वायूचे प्रमाण ठरविणारे एक फिरते कडे असते; ते मिटविले की बाहेर वाया जाणारा वायू कमी होतो आणि पिस्टनला अधिक जोर मिळतो. परंतु साफसफाई न करता कडे मिटवीत जाणे, म्हणजे आजार झाकून ठेवणे होय.

काडतुसाचे टोक चेंबरच्या कडेवर आपटून अडले असेल, तर मॅगझिनच्या तोंडाचे ओठ तपासावेत. ते पातळ पत्र्याचे असतात. मॅगझिन एकदा दगडावर पडले, तरी ओठ किंचित वाकतात आणि काडतुसाची दिशा बदलते. एवढ्या मोठ्या शस्त्राचा विश्वास त्या पत्र्यावर असतो.

दोष नेमका कितव्या काडतुसाला येतो, हेही मोजावे. याचे उत्तम उदाहरण अमेरिकेच्या गॅरँड रायफलीचे आहे. जॉन गॅरँड यांनी स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत सिद्ध केलेली ही अर्धस्वयंचलित रायफल अमेरिकन सैन्याने १९३६ साली स्वीकारली. तिच्यात ८ काडतुसांची चिमटी एकदम भरली जाते. उत्पादन सुरू झाल्यावर तक्रार आली की सातवे काडतूस अडते. पहिली सहा सुरळीत जातात, मग सातव्यालाच काय होते? वायू कमी असता, तर दोष कोणत्याही काडतुसाला आला असता. म्हणून शोध आतल्या रचनेकडे वळला. काडतुसांना वाट दाखविणारी धातूची एक छोटीशी कड, कारखान्यातील उत्पादनासाठी हत्यारे नव्याने मांडताना, मूळ नमुन्यापेक्षा आखूड कापली जात होती. चिमटी भरलेली असताना ती उणीव जाणवत नसे. चिमटी रिकामी होत आली की जाणवे. कड पूर्ववत झाली, आणि तो दोष गेला. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच जातीच्या सुमारे ४० लाख रायफली तयार झाल्या.

दुसरे उदाहरण दुःखाचे आहे. व्हिएतनाममध्ये १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकन सैनिकांच्या एम-१६ रायफली ऐन लढाईत अडू लागल्या. ही रायफल एकेक गोळीही सोडते आणि सलगही. अनेकदा खिडकीतून दिसे ते असे : नवे काडतूस अडलेले आहे. परंतु त्याच्या पुढे, चेंबरमध्ये, आधीची पुंगळी घट्ट रुतून बसलेली असे. नव्या काडतुसाला जायला जागाच नव्हती. शिपायाने काडतूस पुरविणाऱ्या मॅगझिनला कितीही दोष दिला असता, तरी उपयोग नव्हता. अमेरिकन संसदेच्या समितीने १९६७ साली चौकशी केली. काडतुसातील दारूचा प्रकार बदललेला होता, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि कित्येक सैनिकांना सफाईचे साहित्य वा शिक्षण पुरेसे मिळालेले नव्हते. चेंबरला मुलामा देण्यात आला, साहित्य पुरविण्यात आले, आणि १९६८ साली प्रसिद्ध चित्रकार विल आयस्नर यांच्या चित्रांची निगा-पुस्तिका सैनिकांच्या हाती देण्यात आली. तोवर अनेकांनी अडलेल्या रायफलीसह शत्रूला तोंड दिले होते, आणि त्यांतले काही परत आले नाहीत.

ही दोन्ही उदाहरणे एकच गोष्ट सांगतात. दोष दिसतो एका जागी, आणि असतो दुसऱ्या जागी. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी : आधी मॅगझिन, मग काडतुसांचा साठा, मग सफाई, मग वायू. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि रायफल चालू लागली, तर कारण कळत नाही. आणि न कळलेले कारण पुन्हा परत येते. सदोष मॅगझिनवर खूण करून ते बाजूला ठेवावे. चांगल्या मॅगझिनांत मिसळू नये. कानस चालविण्याचे काम शस्त्रकारावर सोपवावे. शिपायाने त्याला एवढे मात्र नेमके सांगावे : कोणते मॅगझिन, कितवे काडतूस, आणि खिडकीतून काय दिसले. शस्त्रकाराचे निम्मे काम या तीन उत्तरांनी होते, आणि ती उत्तरे शिपायावाचून दुसरा कोणीही देऊ शकत नाही.