पगार सीमेवर अडतो, तो का?

(कल्याण येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



काही वर्षांपूर्वी एका रविवारी कोळसेवाडीतील एक भगिनी माझ्या डोंबिवलीच्या घरी आल्या. त्यांचे यजमान सौदी अरेबियात वेल्डर होते आणि सहा महिने त्यांना पगार मिळालेला नव्हता. बाई येथील एका सरकारी कचेरीत जाऊन आल्या होत्या. 'मालक तिकडचा, काम तिकडचे; आमचा कायदा तेथे चालत नाही,' असे उत्तर त्यांना मिळाले होते. मी म्हणालो, 'आधी माणूस सुखरूप परत येऊ द्या, पैशांचे मग पाहू.' माणूस आला. पैसे आले नाहीत. जन्मभर अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माझ्यासारख्याने मजुरीच्या साध्या हिशेबात चूक केली, आणि तिची किंमत त्या कुटुंबाने मोजली. ती चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून आज बोलत आहे.

चूक कोणती? सौदी कायद्यानुसार नोकरी संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. प्रथम तेथील कामगार मंत्रालयापुढे समेटाचा प्रयत्न होतो. एकवीस दिवसांत तो फळाला आला नाही, तर प्रकरण कामगार न्यायालयात जाते. तेव्हा विमानात बसण्यापूर्वी तक्रार नोंदविणे, तिचा क्रमांक जवळ ठेवणे आणि भारतीय वकिलातीमार्फत मुखत्यारपत्र मागे ठेवणे, ही तीन कामे व्हावयास हवी होती. त्यांतील एकही झाले नाही. २०१६ साली जेद्दाहच्या छावण्यांत हजारो भारतीय कामगार पगाराविना अडकले, तेव्हा परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंग यांना तेथे जावे लागले होते. त्यांना मायदेशी आणण्याइतकाच त्यांच्या थकबाकीचे दावे नोंदविण्याचा प्रश्नही तेव्हा महत्त्वाचा होता.

दुसरे दार येथेच, मुंबईत आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परदेशी भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी आणि अनामत बंधनकारक केली. त्याने कामगाराकडून घ्यावयाच्या शुल्काची मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढीच आहे. त्याच्याविरुद्ध उत्प्रवासी संरक्षकाकडे तक्रार करता येते. या कायद्याखालील खटल्याला एरवी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. परंतु स्वतः कामगाराने, किंवा त्याच्या वतीने पत्नी, आई-वडील, मुले अथवा भावंडांनी फिर्याद दिली, तर ती लागत नाही. कोळसेवाडीच्या त्या भगिनीला हे कोणीही सांगितले नाही. मीही नाही.

'संरक्षक' हे पद गिरमिटियांच्या काळातले. १९१२ साली नामदार गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात गिरमिट पद्धत सर्वस्वी बंद करण्याचा ठराव मांडला आणि सरकारी बहुमताने तो फेटाळला. करारावर अंगठा उठविणारा मजूर आणि करार लिहिणारा मालक हे समान नसतात, हे तेव्हाच दिसून आले होते. आज आपण दहावी उत्तीर्ण झालेल्याला उत्प्रवास परवानगीतून सूट देतो. डोंबिवलीचा तरुण ती सवलत समजतो. पण या सवलतीमुळे त्याचा करार सरकारी नजरेखालून जात नाही. पुढे पगार थकला, की कोणत्या कामासाठी, किती पगारावर आपण गेलो, हे त्याला एकट्याने सिद्ध करावे लागते.

आता दुसरी बाजू पाहा. जानेवारी २०२० मध्ये केंद्राने अधिसूचना काढून संयुक्त अरब अमिरातीतील दिवाणी न्यायालयांचे हुकूमनामे भारतात बजावता येतील अशी सोय केली. म्हणजे दुबईच्या बँकेचे कर्ज ठाण्यात वसूल होऊ शकते. तत्त्वतः कामगारालाही हे दार उघडे आहे. परंतु त्याच्या मालकाची मालमत्ता येथे असते कोठे? धनकोचे येणे सीमा ओलांडते. मजुराचे येणे सीमेवरच अडते. कायदा दोघांना समान असला, तरी परिणाम समान नसतो.

यावरचा उपाय आपल्याच कामगार चळवळीच्या अनुभवात आहे. कंत्राटदाराने पगार बुडविला, तर तो मूळ मालकाने द्यावा, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मान्य केले. तो कायदा आता नव्या संहितेत विलीन झाला, तरी तत्त्व टिकून आहे. साखळीतला जो दुवा कायद्याच्या हाताशी आहे, त्याने मजुरीची जबाबदारी घ्यावी, हा त्याचा अर्थ. परदेशी नोकरीत मालक हाताबाहेर असतो. हाताशी असतो तो भरती करणारा. कामगाराला मायदेशी आणण्याच्या खर्चासाठी त्याची अनामत कामी यावी, अशी कायद्याची योजना आहे; थकलेल्या मजुरीला मात्र त्या अनामतीवर पहिला हक्क नाही. तो मिळाला पाहिजे, ही आपली मागणी असावी. नोंदणीविना भरती करणाऱ्याला १९८३ च्या कायद्यातील दंड दोन हजार रुपयांपर्यंतच आहे; एवढा दंड तो एका उमेदवाराच्या पैशातून भरून मोकळा होतो!

'एजंटांवर भार टाकला तर नोकऱ्या आटतील,' असा आक्षेप येईल. कंत्राटदारांच्या बाबतीतही हेच म्हटले गेले होते. ज्या नोकरीत पगार मिळण्याची हमी नाही, ती आटल्याने कोणाचे नुकसान होते?

कायदा बदलेपर्यंत मात्र आपण हात बांधून बसू नये. ठाणे, कल्याण, मुंब्रा, भिवंडी येथील प्रत्येक शाखेने जाणाऱ्या माणसाचा करारनामा, पारपत्र, एजंटाची पावती आणि नोंदणी क्रमांक यांच्या प्रती त्याच्या घरी ठेवून घ्याव्यात. पहिला पगार चुकला, की सहाव्या महिन्याची वाट न पाहता तक्रार करावयास लावावी. २०१५ पासून परराष्ट्र खात्याची 'मदद' ही सोय आहे. तेथे घरच्या माणसालाही तक्रार नोंदविता येते.

त्या भगिनींचे यजमान आता शहाडला एका वर्कशॉपमध्ये काम करतात. भेटले की नमस्कार करतात. त्या सहा महिन्यांचा विषय काढीत नाहीत. तो आपण काढला पाहिजे.