जुन्या फोनसाठी स्वस्तातली मोठी बॅटरी

स्मार्टफोनमध्ये सगळ्यात आधी थकते ती बॅटरी. पडदा, प्रोसेसर, कॅमेरा यांना वापरानं झीज अशी फारशी लागत नाही. पडला-भिजला नाही तर फोन सहा-सात वर्षं सहज चालतो. बॅटरी मात्र दोन-तीन वर्षांतच कुरकुर करू लागते. सकाळी पूर्ण चार्ज करून घराबाहेर नेलेल्या फोनला दुपारी चार्जर शोधावा लागतो. पुढे पुढे तर पडद्यावर तीस टक्के दिसत असताना, नेमका कॅमेरा उघडला की फोन बंद पडतो आणि चार्जरला लावताच पुन्हा पंचवीस टक्के दाखवत सुरू होतो. दुरुस्तीच्या दुकानात याला ‘बॅकअप गेला’ म्हणतात. यावर उपाय नव्या बॅटरीचा. आणि नवी घ्यायचीच तर जरा मोठी का नको, हा विचारही तिथेच सुचतो. बाजारात ‘एक्स्टेंडेड’, ‘हाय कपॅसिटी’, ‘डबल बॅकअप’ अशा नावांनी स्वस्त बॅटऱ्या मिळतात. त्यांतल्या काही खरोखरच मोठ्या असतात. पुष्कळशा फक्त छापील आकड्यानं मोठ्या असतात.

फोनची बॅटरी लिथियम-आयन जातीची. सोनी कंपनीनं १९९१ साली ती प्रथम बाजारात आणली आणि तिच्या संशोधनासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना मिळालं. चपट्या पाकिटाच्या आत दोन लांब पातळ पट्ट्या एकमेकींवर ठेवून गुंडाळलेल्या असतात. एकीवर लिथियम कोबाल्ट ऑक्साइडसारख्या संयुगाचा लेप, दुसरीवर ग्रॅफाइटचा. दोघींच्या मध्ये केसाहून पातळ असा सच्छिद्र प्लॅस्टिकचा पडदा, आणि सगळीकडे मुरलेलं, पेट घेऊ शकणारं द्रावण. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटकडे जातात, फोन वापरताना परत फिरतात. या ये-जा करण्यात ग्रॅफाइटवर एक पातळ थर धरतो. सुरुवातीला तो उपकारकच असतो, कारण ग्रॅफाइट आणि द्रावण यांचा थेट संबंध तो तोडतो. पण पुढे तो जाड होत जातो, आणि त्यात अडकलेलं लिथियम कायमचं कामातून जातं. चार्जिंगची सुमारे पाचशे पूर्ण आवर्तनं झाली की मूळ साठवणीच्या ऐंशी टक्के उरावी, असा हिशेब बऱ्याच बॅटऱ्यांसाठी धरला जातो.

साठवण घटते त्याबरोबर बॅटरीचा अंतर्गत रोधही वाढतो, आणि फोन अचानक बंद पडण्याचं कारण हे दुसरं आहे. कॅमेरा किंवा खेळ सुरू झाला की फोन एकदम जास्त प्रवाह ओढतो. थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज त्या ओढीखाली क्षणभर इतकं खाली जातं, की आत वीज शिल्लक असूनही फोन बंद होतो. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलनं मान्य केलं, की हे टाळण्यासाठी थकलेल्या बॅटरीच्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो. त्यावर गदारोळ उठला आणि कंपनीनं अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. संथ झाला म्हणून मोडीत निघालेले कितीतरी फोन नुसत्या नव्या बॅटरीनं पुन्हा पूर्वीसारखे चालू लागले.

झीज वाढवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उष्णता. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरची हवाच तिथवर पोचते. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून चार्ज केलेला फोन एका उन्हाळ्यात बॅटरीचं बरंच आयुष्य गमावतो.

मोठ्या बॅटरीची कल्पना मुळात चांगली आहे. मागचं झाकण नखानं उघडता येणाऱ्या फोनांच्या काळात ती फुलली. २०१२ साली आलेला सॅमसंग गॅलक्सी एस-थ्री हे त्याचं उत्तम उदाहरण. फोनची जाडी ८.६ मिलिमीटर, वजन १३३ ग्रॅम, आणि बॅटरी २१०० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तासांची. सॅमसंगनं स्वतःच त्यासाठी ३००० एमएएचची बॅटरी काढली होती. ती जाड असल्यामुळे सोबत फुगीर झाकण येई. इतर उत्पादकांनी तर ७००० एमएएचच्या बॅटऱ्या आणल्या. त्या बसवल्या की फोन दुप्पट जाड आणि जवळजवळ दुप्पट जड होई, कॅमेऱ्याची काच झाकणाच्या खोलगट भोकात जाई, नेहमीचं कव्हर बसत नसे. पण फोन दोन-तीन दिवस चाले. या बॅटऱ्यांत फसवणूक नव्हती. वाढलेल्या विजेची किंमत जाडीनं आणि वजनानं उघडपणे मोजलेली होती.

फसवणूक सुरू होते ती मूळच्याच मापाच्या बॅटरीवर दुप्पट आकडा छापला जातो तेव्हा. ती ओळखायला साधं गणित पुरतं. बॅटरीतली ऊर्जा वॅट-तासांत मोजतात: एमएएचला हजारानं भागायचं आणि व्होल्टेजनं गुणायचं. एस-थ्रीच्या मूळ बॅटरीवर २१०० एमएएच आणि ३.८ व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणजे जवळजवळ आठ वॅट-तास. तिचं वजन ४० ग्रॅमच्या आसपास. एका वॅट-तासाला पाच ग्रॅम, असा हा हिशेब होतो. चांगल्या नव्या सेलमध्ये तो चार ग्रॅमपर्यंत उतरतो. आता त्याच आकाराच्या, तेवढ्याच वजनाच्या बॅटरीवर ४२०० एमएएच लिहिलेलं असेल, तर सोळा वॅट-तास ४० ग्रॅममध्ये बसवल्याचा तो दावा ठरतो, म्हणजे वॅट-तासाला अडीच ग्रॅम. तसा सेल अशा फोनांसाठी बाजारात नाही. तो असता तर मोठ्या कंपन्यांनीच आधी उचलला असता.

म्हणून बॅटरी घेताना लेबल वाचण्याआधी ती तोलून पाहावी. दागिने किंवा मसाले तोलण्याचा छोटा डिजिटल काटा यासाठी पुरतो. वजन मूळ बॅटरीइतकंच असेल तर जादा क्षमतेचा दावा सोडून द्यावा. मूळच्यापेक्षा हलकी भरली तर प्रकरण अधिक वाईट: आवरणाच्या आत लहान सेल घालून उरलेली जागा प्लॅस्टिकच्या तुकड्यानं भरलेली असू शकते. असा माल बाहेरून अगदी नीटनेटका दिसतो. जी बॅटरी मुळातच १६०० एमएएच भरते, तिच्यावर ४२०० छापायला विक्रेत्याला काहीच खर्च येत नाही.

क्षमतेइतकंच महत्त्वाचं, पण क्वचितच पाहिलं जाणारं, ते चार्जिंगचं व्होल्टेज. जुन्या पद्धतीचा सेल, ज्यावर ३.७ व्होल्ट छापलेलं असतं, तो ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज करायचा असतो. ३.८ छापलेला ४.३५ पर्यंत, आणि ३.८५ छापलेला साधारणपणे ४.४ पर्यंत. कुठे थांबायचं हे फोनचं सर्किट ठरवतं, आणि ते मूळ बॅटरीच्या मापानं. एस-थ्री हा ४.३५ व्होल्टवर थांबणारा फोन. त्यात कुणी ३.७ व्होल्टचा स्वस्त सेल घातला, तर प्रत्येक चार्जिंगला तो त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला जातो. ०.१५ व्होल्टचा फरक ऐकायला नगण्य वाटतो. सेलसाठी तो घातक आहे. जास्त भरलेल्या सेलमध्ये ग्रॅफाइटवर लिथियम धातूच्या रूपात साचू लागतं, द्रावणाचं विघटन होऊन वायू होतो, बॅटरी फुगते. म्हणून क्षमतेचा आकडा पाहण्याआधी जुन्या आणि नव्या बॅटरीवरचं व्होल्टेज शेजारी शेजारी ठेवून जुळवावं. न जुळणारी बॅटरी फुकट मिळाली तरी घेऊ नये.

या संकटातून वाचवण्यासाठी प्रत्येक बॅटरीच्या डोक्याशी बोटाच्या पेराएवढी एक सर्किटपट्टी असते. व्होल्टेज फार वर गेलं, फार खाली आलं किंवा दोन टोकं जोडली गेली, तर ती सेलचा संबंध तोडते. स्वस्त बॅटरीत पहिली काटकसर इथेच होते. बॅटरीला दोनऐवजी तीन-चार संपर्कबिंदू असतात तेही अशा संरक्षणासाठीच. जादाच्या बिंदूंतून फोनला बॅटरीचं तापमान किंवा तिची ओळख कळते. नकली बॅटरीत त्या जागी ठरावीक किमतीचा एक रोध चिकटवून दिला, की बॅटरी कितीही तापली तरी फोनला ती थंडच भासते. एस-थ्रीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. त्याची एनएफसीची, म्हणजे फोन जवळ टेकवून माहिती देण्या-घेण्याच्या सोयीची, अँटेना बॅटरीवरच चिकटवलेली होती. स्वस्त बदली बॅटरी घातल्यावर फोन चाले, पण एनएफसी बंद पडे, आणि कारण लक्षात येत नसे.

मोठी बॅटरी खरी असली तरी फोनचं तिच्याशी लगेच जमत नाही. टक्केवारीचा अंदाज फोन व्होल्टेजवरून आणि ये-जा करणाऱ्या प्रवाहाच्या हिशेबावरून बांधतो. पुष्कळ फोनांत मूळ क्षमता आत नोंदलेली असते. मग जुन्या पायलीनं नवी कणगी मोजावी तसं होतं: शंभराचे पन्नास टक्के भराभर होतात, किंवा एक टक्का दाखवत फोन तासन्‌तास चालतो. काही पूर्ण चार्ज-डिस्चार्जनंतर बऱ्याच फोनांत हा घोळ निवळतो. चार्जिंगला मात्र वेळ लागणारच. एक अँपिअरच्या चार्जरनं ७००० एमएएच भरायला सात तासांहून जास्त लागतात, कारण शेवटच्या टप्प्यात प्रवाह आपोआप कमी होत जातो. जास्त अँपिअरचा चार्जर लावून हे बदलत नाही. किती प्रवाह घ्यायचा हे फोन ठरवतो. काही फोनांत ठरावीक तासांनंतर चार्जिंग थांबवणारी सोयही असते. तिथे मोठी बॅटरी अर्धवटच भरते आणि चार्जर काढून पुन्हा लावावा लागतो.

गॅलक्सी एस मालिकेत २०१५ च्या एस-सिक्सपासून उघडणारं झाकण बंद झालं, आणि एव्हाना जवळजवळ सगळेच फोन चिकटवलेल्या बॅटरीचे झाले आहेत. अशा फोनात मोठ्या बॅटरीचा विचार सोडून द्यावा हे बरं. आत जागा मोजूनमापून ठेवलेली असते आणि त्यातली थोडी मुद्दाम रिकामी असते, कारण वापरानं प्रत्येक बॅटरी किंचित फुगते. २०१६ चा गॅलक्सी नोट-सेव्हन, त्याच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्यानं, जगभरातून परत मागवावा लागला. पुढच्या जानेवारीत सॅमसंगनं तपासाचे निष्कर्ष जाहीर केले: एका पुरवठादाराच्या सेलमध्ये पाकिटात जागा कमी पडल्यानं ऋण इलेक्ट्रोडचा कोपरा दुमडला होता, तर दुसऱ्याच्या सेलमध्ये वेल्डिंगचे टोकदार कण राहिले होते. कारखान्यात, तपासणीच्या पायऱ्या ओलांडून आलेल्या सेलची ही गत होत असेल, तर स्वस्त सेल दाबून बसवून झाकण चिकटवण्यात किती धोका आहे ते उघड आहे.

चिकटवलेल्या फोनात मूळ क्षमतेचीच, पण नवी बॅटरी बसवावी. फोन उघडण्याआधी चार्ज पंचवीस टक्क्यांच्या खाली आणावा. चुकून बॅटरीला इजा झाली तर भडका लहान राहतो. डिंक सैल करायला मंद उष्णता किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब, आणि उचलायला प्लॅस्टिकचं कार्ड. स्क्रूड्रायव्हरनं उचकटणं हे या कामातल्या अपघातांचं नेहमीचं कारण. बॅटरी वाकली, तर ती पुन्हा बसवू नये.

खरेदीत ‘ओरिजिनल’ या शब्दावर भिस्त ठेवू नये, विशेषतः फोन जुना असेल तर. न वापरता ठेवलेली बॅटरीही झिजते, त्यामुळे सात-आठ वर्षं गोदामात पडलेली खरी ओरिजिनल बॅटरी ताज्या, प्रामाणिक बदली बॅटरीपेक्षा कमी टिकू शकते. उत्पादनाची तारीख पाहावी. भारतात मोबाइलच्या बॅटरीला भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते. लेबलवर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ या अक्षरापुढे आठ अंकी नोंदणी क्रमांक असतो. तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासला की उत्पादकाचं नाव दिसतं. क्रमांक छापलेला आहे एवढ्यावर थांबू नये; तोही कुणी कुठूनही उचलून छापू शकतो. नाव लेबलशी जुळलं पाहिजे.

बॅटरी बसवल्यावर खात्री करायला साधा यूएसबी मीटर चार्जर आणि फोन यांच्यामध्ये लावावा. बंद फोन रिकाम्यापासून पूर्ण चार्ज होईतो मीटरवर किती वॅट-तास जमा झाले ते बघावं. त्यातले दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात. उरलेले बॅटरीवरच्या आकड्याजवळ यायला हवेत. निम्मेच भरले तर बॅटरी परत करावी, आणि परत घेणाऱ्या दुकानातूनच ती घ्यावी. पहिले काही दिवस चार्जिंग जागेपणी, उशी-गादीपासून लांब करावं. बॅटरी हाताला सोसवत नाही इतकी तापली, किंवा झाकण उचललं जाऊ लागलं, की वापर तिथेच थांबवावा.

काढलेली बॅटरी ओल्या-सुक्या कोणत्याच कचऱ्यात टाकू नये. कचरागाडीत दाबली गेली की ती पेट घेऊ शकते. संपर्कबिंदूंवर चिकटपट्टी लावावी, फुगलेली असेल तर टोचू नये, आणि ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बॅटऱ्यांमधलं कोबाल्ट आणि लिथियम त्या वाटेनं पुन्हा कामाला येतं.