पट्टीवरचा आकडा

जैवसंवेदक म्हणजे बायोसेन्सर हा शब्द ऐकला, की प्रयोगशाळेतले अवघड यंत्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तो आपल्या घरच्या औषधांच्या डब्यात असतो. रक्तातली साखर तपासण्याची पट्टी, म्हणजे ग्लुकोमीटरची स्ट्रिप, हा जगात सर्वाधिक वापरला जाणारा जैवसंवेदक. तिने दाखवलेल्या आकड्यावर माणसे इन्शुलिनचा डोस ठरवतात. म्हणून हा आकडा येतो कसा आणि त्यावर विसंबायचे किती, हे आपल्याला ठाऊक हवे.

जैवसंवेदकाचे दोन भाग असतात. एक सजीवांकडून घेतलेला. रक्तातल्या असंख्य पदार्थांतून तो हवा तोच पदार्थ ओळखतो. दुसरा भाग या ओळखीचे रूपांतर विजेच्या संकेतात करतो. या दोहोंची सांगड घालण्याची कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ लेलंड क्लार्क यांची. १९५६ मध्ये त्यांनी ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड जगापुढे मांडला. १९६२ मध्ये चॅम्प लायन्स यांच्यासह त्यांनी त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, थर देण्याचे सुचवले. हे विकर ग्लुकोजवर काम करताना ऑक्सिजन वापरते. ऑक्सिजन जितका घटेल, त्यावरून साखर किती ते कळते.

गंमत म्हणजे, हे विकर मिळवतात ते अ‍ॅस्परजिलस नायगर या बुरशीपासून. चाळीतल्या कांद्यावर काळी भुकटी दिसते ना, तीच ही बुरशी!

१९७५ मध्ये या तत्त्वावरचे यंत्र बाजारात आले, पण ते प्रयोगशाळेपुरते. पुढे ब्रिटनमधील क्रॅनफील्ड आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ऑक्सिजनऐवजी फेरोसीन या संयुगाकडे इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचे काम सोपवले. त्यातून १९८७ मध्ये पेनाएवढा मीटर आला आणि तपासणी रुग्णाच्या हाती आली.

पण विकर हे प्रथिन आहे. उष्णता आणि दमट हवा त्याला मानवत नाही. म्हणून पट्ट्यांची डबी शेगडीजवळ किंवा न्हाणीघरात ठेवू नका. पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा, मुदत संपलेली पट्टी वापरू नका. आंबा सोलून तसेच बोट टोचले, तर मीटर आंब्याची साखरही मोजतो! हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा.

शिवाय आकड्याला थोडी सूट गृहीत धरलेली असते. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, साखर १०० किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा शंभरातली किमान ९५ मोजमापे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असावी लागतात. म्हणजे प्रयोगशाळेत २०० असताना मीटरने १७० किंवा २३० दाखवले, तरी ते नियमात बसते. म्हणून मधुमेह आहे की नाही, याचे निदान घरच्या मीटरवर करू नये.

आता दंडावर चिकटवण्याचे संवेदकही मिळतात. ते दोन आठवड्यांपर्यंत दर काही मिनिटांनी साखर सांगतात, काही तर रात्री साखर उतरली की इशाराही देतात. मात्र ते पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजतात. त्यामुळे साखर वेगाने बदलत असताना ते रक्तापेक्षा काही मिनिटे मागे असतात.

आणि सुई न टोचता साखर मोजणारी घड्याळे? आपण अशा एकाही घड्याळाला वा अंगठीला मान्यता दिलेली नाही, त्यांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. एवढ्या मोठ्या बाजारात फसव्या जाहिराती येणारच.

श्रोतेहो, तपासणीचा आकडा, वेळ आणि जेवण वहीत टिपून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. एक मात्र विसरू नका. घाम फुटला, हात थरथरू लागले आणि मीटर म्हणतोय सारे ठीक, तर अंगावर काढू नका. हात धुऊन पुन्हा तपासा, डॉक्टरांना कळवा. मीटर चुकू शकतो. अशा वेळी आधी शरीराचे ऐकावे.