जाळें आणि समाधान

वर्सोव्याहून तरीनें खाडी ओलांडली कीं मढ लागतें. तेथला पोर्तुगीजांचा किल्ला मराठ्यांनीं १७३९ सालीं जिंकला. जिंकणारे आणि हरणारे दोघेही गेले. किनाऱ्यावर कोळी मात्र जाळें सांधीतच आहे. पाण्याच्या ओढीवर डोल जाळें भरतें, फाटतें, पुन्हा सांधावें लागतें. या कष्टाला शेवट नाहीं. मग अर्थ तरी काय?

शेजाऱ्याची होडी मोठी, लग्नाचा थाट मोठा. चार लोक काय म्हणतील, हा धाक त्यालाही आहे. पण वलांडीवरचे बोंबील उन्हानें वाळतात, लौकिकानें नव्हे. कर्ज काढून मिरविलेला मोठेपणा भरतीबरोबर येतो नि ओहोटीबरोबर जातो. घरच्यांच्या ताटांत पडलेला घास अंगीं लागतो. हातांतलें जाळें कोणासाठीं सांधावयाचें, हें ज्याला उमगलें, त्याला जन्म निरर्थक वाटत नाहीं. समाधान याहून वेगळें नाहीं.