वाढत्या वयातील मुली आणि योगाभ्यास

(एका कन्याशाळेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी वैद्य नाही, योगशिक्षिकाही नाही. विचारणे आणि वाचणे हा पत्रकाराचा व्यवसाय. त्यातून हाती आले तेवढेच आपल्यापुढे ठेवते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. जागतिक आरोग्य संघटना या वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटे हालचाल आवश्यक मानते. २०१६ च्या माहितीनुसार भारतातील शाळकरी मुलींपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुली तेवढी करीत नव्हत्या. मुलगी तेरा वर्षांची झाली की तिचे मैदान सुटते. खरे सांगायचे तर ते आपणच सोडवतो. आणि नेमक्या याच सुमारास, उंची झपाट्याने वाढते त्या दोन वर्षांत, आयुष्यभराच्या अस्थिसंचयाचा जवळजवळ पाव हिस्सा जमा होत असतो!

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले. श्रद्धेच्या विषयाला मोजपट्टी लावण्याचे हे धैर्य आपणही दाखवले पाहिजे. मोजून काय दिसते? काही आठवडे नियमित सराव केला की लवचीकता आणि तोल सुधारतो. पोट, पाठ व खांद्यांचे स्नायू बळकट होतात. दप्तर आणि मोबाइल यांनी वाकलेल्या पाठीला ताडासन, भुजंगासन, वीरभद्रासन हवेच आहे. मासिक पाळीतील वेदना कमी झाल्याचेही बऱ्याच अभ्यासांत आढळले आहे. ते अभ्यास लहान गटांवरचे आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.

मात्र संथ आसनांनी दमश्वास फारसा वाढत नाही. त्यासाठी जलद सूर्यनमस्कार, धावणे, कबड्डी, खो-खो हवेच. हाडांनाही उड्यांचा भार लागतो. आणि रक्तक्षय शीर्षासनाने जात नाही! त्याला डाळी, पालेभाज्या, त्यावर पिळलेले लिंबू आणि शाळेत मिळणारी लोहाची साप्ताहिक गोळी लागते. ती गोळी खिडकीबाहेर टाकणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. (समोर काही जणी हसत आहेत, म्हणजे ओळख पटली!)

आता एक कबुली. माझी भाची सातवीपासून रोज पहाटे अर्धा तास आसने करीत असे. दहावीला क्लासची वेळ सकाळची आली, तेव्हा ‘वर्षभर राहू दे ते’ असे तिच्या आईला मीच सुचवले. एका वर्षाची तीन वर्षे झाली. बारावीनंतर तिने पुन्हा सतरंजी अंथरली, तेव्हा गुडघे न वाकवता पायांची बोटे धरायला तिला दोन महिने लागले.