खाऱ्या पाण्याची पहिली टाकी

वागळे इस्टेटमधल्या घरात समुद्री मासे पाळायचे ठरवले, की पहिला मोह होतो तो महागड्या, निळसर, प्रखर दिव्याचा. पण त्या प्रकाशाची गरज माशांना नसते. ती असते प्रवाळाच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला. आणि दगडी प्रवाळ तर २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याची खरेदी-विक्री गुन्हा ठरते. माशांपुरता साधा एलईडी दिवा, रोज आठ तास, पुरे.

वाचलेले पैसे पंप आणि प्रोटीन स्किमरवर खर्च करा. स्किमर पाण्यातली घाण कुजण्याआधीच फेसाबरोबर बाहेर काढतो. पाणी खाडीचे नको. १०० लिटर गोड्या पाण्यात मत्स्यालयाचे तयार मीठ सुमारे साडेतीन किलो लागते. क्षारता मोजूनच घ्यावी. मग चिमूटभर खाद्य टाकत महिना-दीड महिना टाकी माशांविना चालवा, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढतील.

वीज गेली, तर दिवा विझल्याने माशांचे काही बिघडत नाही. पंप थांबला, की मात्र प्राणवायू कमी पडतो. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप दिव्याच्या आधी घरात आणा.